शंभर टक्के पाणी

सोजरबाईला दारात आलेल्या माणसाला नाही म्हणता येत नसे. मंगळवेढ्याच्या पलीकडच्या त्या गावात कुणालाच येत नसे, पण ही सगळ्यांच्या वरताण. शाश्वत विकासाची पाहणी करणारा ऋतुराज टॅब घेऊन आला, तेव्हा तिनं घोंगडं अंथरलं आणि टँकरचं उरलंसुरलं पाणी गाळून, गुळाच्या खड्यासोबत त्याच्यापुढं ठेवलं.

उन्हानं पोळलेलं पोरगं घटाघटा प्यालं. मग म्हणालं, "मावशी, घरात नळ आहे?"

"हाय की."

"पाणी पुरतं?"

नळाला दोन वर्षांत थेंब आला नव्हता. पण पाव्हण्यानं आत्ताच भांडं खाली ठेवलेलं. त्याच्यापुढं टंचाईचं रडगाणं गायचं म्हणजे पाजलेलं पाणी बोलून दाखवणंच की! "पुरतं बाबा. अजून देऊ?"

ऋतुराजनं टॅबवर बोट टेकवलं. गावातली नमुन्याची दहा घरं पाहायची होती; दहाही घरांनी त्याला असंच पाणी पाजलं आणि असंच उत्तर दिलं. मोठा शहाणा! एकाही घरी तोटी फिरवून बघायचं त्याला सुचलं नाही.

महिन्याभरात गाव पिण्याच्या पाण्यात शंभर टक्के ठरलं. सोलापुरात सरपंच हिंदुरावांच्या गळ्यात हार पडला. अशा गावाला टँकर कशाला, म्हणून टँकर बंद झाला.

सोजरबाईची सून दुर्गा सात महिन्यांची गरोदर होती. मुलगा पुण्यात कामाला, सोजरबाईचे गुडघे गेलेले. दीड कोसावरच्या विहिरीवर दुर्गालाच जावं लागे. सोजरबाईनं तालुक्याच्या कचेरीत जाऊन हात जोडले. "माजं चुकलं सायेब. टँकर तेवढा धाडा."

कारकुनानं पडद्यावर तिचं नाव काढलं. "तुम्हीच सांगितलंय मावशी. आता आकडा पुढच्या पाहणीतच बदलणार."

पंधराव्या दिवशी दुर्गा भरल्या घागरीसकट विहिरीच्या पायऱ्यांवरून गडगडली. मुलगी मेलेलीच जन्मली. सोजरबाईला कचेरीचा संताप आला, पण स्वतःची चीड त्याहून जास्त आली.

वर्षानं ऋतुराज पुन्हा आला. पाणी नसल्याचं सोजरबाईनं त्याच्या तोंडावर सांगितलं. त्यानं ते नोंदवलं. मग पुढचा प्रश्न वाचला, "या वर्षात घरात लहान मूल दगावलंय?"

"व्हय. माजी नात."

"किती दिवसांची होती?"

"पोटातच गेली रं."

"मग ती यात धरत नाहीत, मावशी," तो म्हणाला, आणि शून्य भरून शेजारच्या घराकडं वळला.