मंडळीचे गुडघे आणि मावशीचे थेंब

सरकारनं गांजा कायदेशीर केला, तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीत सगळ्यात मोठी पंचाईत झाली ती प्रेषित पौलाची.

बिचारा इतकी वर्षं आमच्याकडे एकाच कामावर होता. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात त्यानं सांगून ठेवलंय, की वरच्या अधिकाऱ्यांच्या अधीन राहा. आमच्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांपैकी सगळ्यात कडक वडील हा अध्याय इतक्या वेळा वाचायचे, की लोक त्यांना अध्यायकाकाच म्हणू लागले. त्यांचं पवित्र शास्त्र नुसतं टेबलावर ठेवलं, तरी आपोआप त्या पानावर उघडायचं. वारा उलटा असला तरी. कोणी तरुणानं विचारलं, "काका, गांजात वाईट काय?" की काका पानावर बोट ठेवायचे. कायद्याला नामंजूर, म्हणून देवाला नामंजूर. विषय संपला. विचार करण्याचं काम आम्ही सरकारकडे सोपवलं होतं आणि निवांत होतो.

आणि त्याच सरकारनं दगा दिला. पोस्टाशेजारी काचेच्या दाराचं नवं दुकान निघालं. पाटीवर हिरवं पान, आत पांढरा कोट घातलेली हसतमुख मुलगी. अध्यायकाकांनी पुढच्याच रविवारी पौलाला सक्तीच्या रजेवर पाठवलं आणि प्रेषित पेत्राला कामावर घेतलं. "आम्ही माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे! प्रेषितांची कृत्ये, अध्याय पाचवा!" पण पुस्तक पडलं सवयीचं गुलाम. काका कृत्यांवर बोट ठेवायचे आणि पानं फडफडत पुन्हा रोमकरांवर जाऊन बसायची. शेवटी त्यांनी तिथे कपडे वाळत घालायचा चिमटा लावला.

मंडळीचे दुसरे वडील म्हणजे दुकानदार. त्यांचं दारूचं दुकान. परवान्याचं हो, गैरसमज नको. त्यांची गिऱ्हाइकं काचेच्या दाराकडे वळायला लागल्यापासून नशेनं उद्ध्वस्त होणाऱ्या कुटुंबांची त्यांना फार काळजी वाटू लागली होती. तिसरा वडील मी. मला का केलं, तर माझ्याहून म्हातारं कोणी उरलं नव्हतं. लोक म्हणतात मी गोष्टी फुगवतो. अहो, खमीर घातल्याशिवाय पाव होतो का?

तर गोष्ट आहे ऑर्गनवाल्या मावशीची. नवरा गेल्यापासून तिचं घर म्हणजे त्या ऑर्गनचं बाकडं. पायांनी भाता मारायचा, हातांनी पट्ट्या दाबायच्या, आणि डोळे मिटून अख्ख्या मंडळीला सुरात ओढत न्यायचं. आमची मंडळी सुरात ओढणं म्हणजे चिखलातून रणगाडा ओढणं. पण संधिवातानं तिची बोटं आकड्यांसारखी वाकली. गेल्या हिवाळ्यात ती चारच बोटांनी वाजवत होती आणि उरलेले सूर आम्ही विश्वासानं ऐकत होतो.

मग डॉक्टरांनी तिला गांजाच्या तेलाचे थेंब दिले. रोज सकाळी जिभेखाली. कायद्यानं, चिठ्ठीनं, काचेच्या दारातून. बोटं सुटली. आता दुसऱ्या कोणी ही गोष्ट कपाटात ठेवली असती. पण आमच्याकडे रविवारी साक्ष द्यायची पद्धत आहे. देवानं आठवड्यात काय भलं केलं ते उभं राहून सांगायचं. मावशी उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माझ्या बोटांसाठी मी प्रभूचे आभार मानते, डॉक्टरांचे मानते आणि गांजाचेही मानते."

अर्ध्या लोकांनी सवयीनं "आमेन" म्हटलं. मग त्यांना कळलं आपण कशाला आमेन म्हटलं ते.

शनिवारी दुपारी वडीलजनांची बैठक बसली. प्रश्न एकच : मावशी बाकड्यावर राहणार की जाणार. दुकानदारांनी तोवर यंत्राची चौकशीही करून ठेवली होती. बटण दाबलं की गीत सुरू. त्याला ना संधिवात, ना साक्ष.

आता आमच्या बैठकीची रीत सांगितली पाहिजे. मंडळीच्या मूळ पुरुषांनी ठरवून ठेवलंय की महत्त्वाचा निर्णय गुडघे टेकून घ्यायचा, आणि एकमत होईपर्यंत कोणी उठायचं नाही. जो आधी उठला त्यानं आपलं मत सोडलं. हेतू नम्रतेचा होता. पण त्यामुळे आमचे सगळे मोठे निर्णय डोक्यांनी नाही, गुडघ्यांनी घेतलेत. पूर्वी अध्यायकाका कायम हरायचे. त्यांचे गुडघे टेकताना असे कडाडायचे, की घंटेच्या मनोऱ्यातली कबुतरं उडून शेजारच्या गावाला जाऊन राहायची. पण हल्ली काही महिने काका आवाज न करता टेकायचे आणि तासन्‌तास हलायचे नाहीत. पडद्यांचा रंग, बाकांची रांग, सगळं त्यांच्या मनासारखं झालं होतं.

आम्ही टेकलो. समोर मावशीही टेकली; ज्याच्याबद्दल निर्णय, त्यालाही टेकायचा हक्क असतो. मागच्या बाकावर काकांची सून चहाचा थर्मास घेऊन बसली होती. ती दवाखान्यात नर्स आहे आणि रविवारी गायकवृंदात गाते.

"बाई," काका म्हणाले, "शास्त्र सांगतं, सावध असा, जागे राहा. नशेत माणूस सावध राहतो का?"

"काका, मी दुखण्यानं सावध नव्हते," मावशी म्हणाली. "रात्ररात्र भिंतीला डोकं लावून बसायचे. कोण आलं, कोण गेलं, कळायचं नाही. जावयाला नाव घेऊन हाक मारता येईना मला. ती नशा नव्हती का? आता मी शुद्धीवर आले, तर तुम्ही मला बाकड्यावरून उठवायला निघालात."

मग दुकानदार खाकरले. "भावना समजतो मावशी. पण समाजात काय संदेश जातो?"

"तुमच्या दुकानातून जो जातो तोच. फक्त बाटली छोटी आहे."

"माझ्याकडे परवाना आहे!"

"आणि माझ्याकडे चिठ्ठी."

आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, तरुण, शिकलेले, आणि दोन्ही बाजूंनी विचार करण्यात इतके तरबेज की कधी पलीकडे पोचत नाहीत. ते म्हणाले, "कायदा एवढंच सांगतो की पोलीस कोणाला धरणार नाहीत. चांगलं काय, ते तो सांगत नाही. ते आपल्यालाच ठरवावं लागणार."

खरं सांगतो, त्या खोलीत त्या दिवशी बोललं गेलेलं हे पहिलं शहाणपणाचं वाक्य. मी हरखून विचारलं, "मग काय ठरवायचं?"

"त्यावर आपण अजून प्रार्थना करू," पाळकसाहेब म्हणाले, आणि पाच मिनिटांत कंबर धरून खुर्चीत जाऊन बसले. पाळकांचं मत गेलं.

मी मावशीच्या बाजूनं होतो. निष्ठेनं टेकून राहिलो. पण निष्ठा मांडीच्या वर असते, खाली नुसत्या शिरा असतात. माझा डावा पाय आधी झोपला, मग घोरायला लागला. मी उठलो. दुकानदारही लटपटत होते, पण त्यांचं मत काकांकडेच होतं, म्हणून ते उठले तरी फरक पडत नव्हता. उठले. राहिले दोघं : काका, खांबासारखे ताठ, आणि मावशी, ओठ घट्ट मिटून, एका हातानं बाकाची कड धरून. बोटं सुटली होती, गुडघे थोडेच सुटले होते?

"बाई, हट्ट सोडा," काका मऊ आवाजात म्हणाले. त्यांना तिची दयाही येत होती, हे मी नाकारणार नाही. "उठा. मला संध्याकाळपर्यंत काही होत नाही."

तेवढ्यात मागच्या बाकावरून सून म्हणाली, "बाबा, गुडघे दुखत नाहीत?"

"अजिबात नाही. प्रभूची कृपा."

"कृपा आहेच. पण थोडं मलमही आहे."

"कसलं मलम? ते तू लावतेस ते? ते झाडपाल्याचं आहे."

"झाडपाल्याचंच आहे, बाबा. फक्त झाड कुठलं ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. मी डबीवरचं पान खरवडून टाकलं. तुम्ही कण्हायला लागलात की घरात कोणाला झोप लागत नव्हती. मग काय करणार?"

खोली एवढी शांत झाली, की मनोऱ्यातली कबुतरं काय झालं ते बघायला खिडकीत येऊन बसली. काकांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. उठावं तर हरले. टेकून राहावं तर गांजाच्या गुडघ्यांवर. माणूस असा कात्रीत सापडलेला मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही, आणि बघणं बरं दिसत नव्हतं तरी मी बघत होतो.

काका माणूस सच्चा. त्यांचे डोळे भरून आले. "मग मीही दोषी," ते म्हणाले. "मी आजपासून मलम बंद करतो. बाईंनी थेंब बंद करावेत. न्याय सारखा."

झालं का! एकाचं पाप सापडलं म्हणून दोघांना दुखणं. मावशी पांढरीफटक पडली.

पण दुकानदार व्यवहारी माणूस. मलम बंद झालं, तर पुढच्या बैठकीत काका पाच मिनिटांत उठणार आणि यंत्राच्या बाजूचं ताठ मत जाणार, हा हिशेब त्यांनी क्षणात केला. "अहो काका, थांबा! मलम आणि थेंब एक कसे? मलम बाहेरून लावतात. बाहेरून लावलं ते औषध, आत घेतलं ती नशा. साधी गोष्ट आहे."

बुडत्या काकांना काडी मिळाली. पाळकसाहेबांना तर पूल मिळाला. "मध्यम मार्ग!" ते म्हणाले. ठराव झाला : गांजा शरीराला बाहेरून लावल्यास मंडळीची हरकत नाही. आत घेणाऱ्यानं सेवेत बसू नये.

मावशी टेकलेलीच होती. तिनं शांतपणे विचारलं, "बाहेरून म्हणजे कुठवर?"

"जे उघड्यावर दिसतं ते बाहेर," काका म्हणाले. "जे दिसत नाही ते आत."

"सगळ्यांना मान्य?"

सगळ्यांनी आमेन म्हटलं. मावशीनंही म्हटलं, सगळ्यात मोठ्यानं, आणि सुनेच्या खांद्याला धरून उठली. दुकानदारांना वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्च खचाखच भरलं. मावशी बाकड्यावर बसली, पण पट्ट्यांकडे तोंड करून नाही, वडीलजनांच्या रांगेकडे करून. पिशवीतून छोटी बाटली काढली. मग तिनं जीभ बाहेर काढली. लांब. एवढी लांब, की हनुवटी दिसेनाशी झाली आणि पुढच्या बाकावरच्या बायका मागे सरकल्या. सगळ्या मंडळीला दिसेल अशी ती तिथे धरून तिनं एक थेंब टाकला, दुसरा टाकला, आणि तोंड मिटलं.

अध्यायकाका ताडकन उभे राहिले. "अहो, आता ते आत गेलं!"

"काका," मावशी म्हणाली, "पँट घातली की तुमचे गुडघेही आतच जातात."

पहिल्यांदा सून हसली. मग गायकवृंद. मग पाळकसाहेबांनी गीतांच्या पुस्तकात तोंड लपवलं आणि पुस्तक हलायला लागलं. दुकानदारांनी उभ्या काकांची बाही ओढली, "बोला ना काहीतरी!" काकांनी ती सोडवून घेतली.

"ठराव माझ्याच शब्दांत झालाय," ते म्हणाले. "बसा गप्प."

मग मावशीकडे वळून, घसा साफ करून, त्यांनी गीताचा क्रमांक सांगितला. सगळ्यात अवघड गीत निवडलं होतं, दहाही बोटं लागणारं. मावशीनं भाता मारला, बाह्या वर सारल्या, आणि वाजवलं.