डाव्या बुटात

माझी भाची पहिलीत आहे आणि वस्तू हरवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. पेन्सिली, खोडरबर, पाण्याची बाटली, एकदा तर पायातला एकच मोजा. दोष तिच्या बापाचा, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा. त्याने तिला डोक्यावर चढवून ठेवली होती. पोरीने काही विसरलं की हा शिलाई मशीन दुरुस्तीचं काम टाकून सायकल काढणार, शाळेतून ती वस्तू आणणार आणि गुपचूप तिच्या डाव्या बुटात घालून ठेवणार. बाटली बुटात मावत नसे, ती बुटाला टेकवून. सकाळी पाय घातला की काहीतरी टोचायचं आणि बाईसाहेब खिदळायच्या. मी म्हणायचे, अरे, अशाने पोर शिकणार कधी? तो नुसता हसायचा.

मागच्या हिवाळ्यात तो गेला. छातीचं दुखणं अंगावर काढलं आणि एके सकाळी उठलाच नाही.

आता घरात आम्ही तिघीच. मग मी कंबर कसली. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. तिथे एक काच इकडची तिकडे झाली तर गिऱ्हाईकाला जग वाकडं दिसतं, त्यामुळे वस्तू जागच्या जागी हवी, हे माझ्या हाडीमासी खिळलेलं. वहिनीलाही बजावलं की हरवलं तर हरवलं, आता कोणी आणायला जायचं नाही. ती हो म्हणाली.

थोड्याच दिवसांत हरवलेलं खोडरबर डाव्या बुटात हजर. मला वहिनीचा असा राग आला! ती बेकरीत कामाला, माझ्या आधी उठून जाते. म्हटलं, तोंडावर हो म्हणायचं आणि मागून लाड पुरवायचे. पण नवऱ्याची आठवण म्हणून करत असेल, असं मनाशी म्हणत मी तोंड शिवलं. मग शार्पनर आलं. मग कंपासपेटी. मी दात-ओठ खात गप्प.

एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी चादरींच्या घड्या घालत होतो. वहिनी खाली बघत म्हणाली, "ताई, तुम्ही वरून एवढ्या कडक. पण तिच्या वस्तू हे ठेवायचे तशाच बुटात आणून ठेवता, ते बघून फार बरं वाटतं मला."

"मी नाही ठेवत," मी म्हणाले. "मला वाटलं, तूच."

चादरीची दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. कोणी घडी घालेना. दाराजवळच्या चपलांच्या मांडणीकडे बघायची हिंमत दोघींतही नव्हती.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. दुसऱ्या दिवशी मी तडक शाळेत गेले. वर्गाच्या बाई म्हणाल्या की सापडलेल्या वस्तू त्या स्वतः कपाटात कुलपात ठेवतात, पण हिची वस्तू काही सकाळपर्यंत तिथे राहत नाही. त्यांना वाटायचं शिपाई परस्पर देतो. शिपाई म्हणाला, किल्ली बाईंकडे, मी कुठून देणार?

मग बाईंनी आणखी एक सांगितलं. शाळा सुटताना मुलांनी आपल्या प्रत्येक वस्तूला हात लावायचा, तिचं नाव घ्यायचं आणि मग ती दप्तरात टाकायची, असा त्यांच्या वर्गाचा नियम. "तुमची मुलगी हे सगळ्यांच्या आधी शिकली," बाई म्हणाल्या. "एकही वस्तू चुकत नाही तिची. पण मुलं बाहेर पडली की त्यातली एक काढते आणि बाकाखाली सरकवते. मी डोळ्यांनी पाहिलंय."

घरी येऊन मी तिला समोर बसवलं. ओरडायचं ठरवूनच आले होते. का करतेस असं, म्हणून विचारलं.

"मी सगळं आणलं तर बाबा कशाला येईल?"

भीती वाटली आणि भावाची इतकी आठवण आली की स्वयंपाकघरात जाऊन मी नळ सोडून रडले.

त्यानंतर मीच मांडणीवर नजर ठेवायला लागले. आधी दुसऱ्या सकाळी परत येणारी वस्तू आता दोन-तीन दिवस लावायला लागली होती. बाटलीला तर आठवडा उलटला. आली तेव्हा ती बुटाशी नव्हती. दाराबाहेर, पायपुसण्याच्याही पलीकडे, जिन्याच्या वरच्या पायरीवर आडवी पडली होती. आणणाऱ्याला पुढे यायचं बळच उरलं नसावं.

भाचीने ती उचलली आणि पोटाशी धरली.

"आत्या, बाबा दमतो का गं?"

"दमत असेल," मी म्हणाले. "लांबून यावं लागतं त्याला."

त्या दिवशी तिने सगळं घरी आणलं. दारात दप्तर उघडून पुन्हा एकेका वस्तूला हात लावला, नावं घेतली, हळू आवाजात, कोणाला तरी ऐकवल्यासारखी. दुसऱ्या सकाळी डावा बूट रिकामा होता. तिने पाय घातला, नाडी बांधली आणि शाळेत गेली. नंतरही रोज तसंच. बाईंनी वर्गात तिचं कौतुक केलं. वहिनी कामावर जाताना बुटाकडे बघायची आणि दार ओढून घ्यायची. मला हवं होतं तेच झालं होतं, आणि मीच रोज ती उठायच्या आधी त्या बुटात हात घालून बघत होते.

एका संध्याकाळी मी माझी छत्री दुकानातल्या खुंटीवर ठेवून आले. विसरून नव्हे. दाराशी पोचल्यावर एकदा मागे वळून पाहिली, आणि मगच निघाले.

भाची अभ्यास करत होती. तिने माझ्या हातांकडे पाहिलं. "छत्री कुठंय?"

"राहिली दुकानात."

"मुद्दाम ठेवलीस?"

तिने वही मिटली, मांडणीवरून माझ्या चपला काढल्या आणि माझ्यासमोर जोडीने ठेवल्या.

"चल, आपण आणू," ती म्हणाली. "त्याला नको चालायला लावूस."

मी डाव्या चपलेत आधी हात घालून पाहिला. काही नव्हतं. मग पाय सरकवले आणि तिच्यामागून जिना उतरले.