मावशीची बोटं

खानावळीच्या मागच्या दाराशी रांग लागली होती. कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या हातात बाटली, एका बापाच्या हातात तर तान्ह्याची दुधाची बाटली. वस्तीत तापाची साथ आली की खानावळीत जेवणारे एकेक करून आडवे व्हायचे, पण त्यांचा स्वयंपाक करणारी मावशी मात्र ठणठणीत. मग फुंकर घालून रोग पळवणारे वस्तीतले फुंकरबाबा गप्प कसे बसणार?

"हिच्या रक्तात शक्ती आहे, शक्ती! ही पाण्यात बोटं बुडवील, मी फुंकर घालीन, ताप शेपूट घालून पळेल!"

ताप उतरला तर बाबांची फुंकर, नाही उतरला तर आजाऱ्याची श्रद्धा कमी. छापा पडो की काटा, जिंकायचे बाबाच.

मावशी भांड्याभांड्यात बोटं बुडवत होती. जन्मभर जिला कुणी हिंग लावून विचारलं नव्हतं, तिच्या आता लोक पाया पडत होते. सुखावली होती बिचारी. नात तापाने फणफणली तेव्हा तिलाही तिने तेच पाणी पाजलं. ताप हटेना, तेव्हा कुठे दवाखाना आठवला.

"घरात आधी कुणाला टायफॉइड झाला होता?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मला. लग्नाआधी. नंतर कध्धी नाही!" मावशी ऐटीत म्हणाली.

डॉक्टरबाईंनी तिचं रक्त आणि शौच तपासायला पाठवलं. निकाल आल्यावर तिला जवळ बसवलं.

"बाबा एक खरं बोलला, मावशी. टायफॉइडशी लढणारी प्रतिद्रव्यं तुमच्या रक्तात भरपूर आहेत. पण जंतू मेलेले नाहीत. ते पित्ताशयात दडून बसलेत, तिथे या प्रतिद्रव्यांचं काही चालत नाही. तुम्हाला ताप येत नाही, पण जंतू शौचावाटे बाहेर पडतात. हात नीट धुतले नाहीत की..."

"बोटांवर," मावशी पुटपुटली. "पण किती जण बरे झाले हो!"

"ते माझ्या गोळ्याही घेत होते. गुण गोळ्यांचा, नाव पाण्याचं."

मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पलीकडच्या खाटेवर नात झोपली होती. तिच्या कपाळावर हात ठेवायचाही धीर होईना.

दुसऱ्या दिवशी ती रांगेसमोर उभी राहिली, हात पाठीमागे धरून. सगळं सांगितलं.

"झपाटलंय हिला!" बाबा ओरडले.

"झपाटलं होतं, बाबा. पाया पडून घ्यायची चटक लागली होती."

दुधाच्या बाटलीवाला बाप पांढराफटक पडला. "मी पाजलं की हो तान्ह्याला."

मावशीची मान वर होईना. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने त्याला. मी येते बरोबर. माझ्यावरही उपचार व्हायचेत, तोवर चुलीपाशी जाणार नाही. जंतू अंगात राहिले हा माझा गुन्हा नाही, असं डॉक्टरबाई म्हणतात. पण साथ दर वेळी माझ्याच खानावळीतून का सुरू होते, हे मी कधी विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. यापुढे पाया पडण्याआधी तेवढं विचारत जा."