यशोधरेची दुसरी तारीख

चाळीस मिनिटं झाली, प्रतीक्षाचा फोन होल्डवरच होता. एकच सुरावट पुन्हापुन्हा वाजत होती. आज सोमवार. कागदोपत्री यशोधरा बुधवारी आठ वर्षांची होणार होती आणि त्याच दिवशी प्रतीक्षाला एकटी आई म्हणून मिळणारा सरकारी भत्ता बंद होणार होता. धाकटं मूल आठ वर्षांचं झालं की तो थांबतो, हे तिला पाठ होतं. भत्ते देणाऱ्या इथल्या सरकारी खात्याचं, सेंटरलिंकचं, पत्र फेब्रुवारीतच आलं होतं. जुलै अजून लांब आहे, म्हणून तिने ते न उघडताच ठेवून दिलं. मार्चमध्ये तिकडे नागपूरला आई दवाखान्यात गेली आणि मग कुठलंच पत्र उघडायचं तिला सुचलं नाही.

यशोधरा खरी नऊ जुलैची. प्रतीक्षा बाळंतपणाला नागपूरला, माहेरी गेली होती. नात आपल्याजवळच वाढणार, शाळेत घालताना वय कमी पडायला नको, म्हणून तिच्या आईने, शांताबाईंनी, ओळखीच्या लिपिकाकडून दाखल्यावर चौदा एप्रिल लिहून घेतली. त्या मुख्याध्यापिका होत्या. ज्यांच्या आईबापांना जन्मतारीख सांगता येत नसे, अशा कितीतरी मुलांना त्यांनी बाबासाहेबांची तारीख दिली होती. नातीला देताना त्यांचा हात अडखळला नाही. पुढे पासपोर्ट, व्हिसा, शाळा, सगळीकडे तीच गेली. प्रतीक्षाही फॉर्मवर एप्रिलच लिहायची. केक मात्र जुलैत. आणि मनात महिने मोजायची तेही जुलैपर्यंतच.

तेरा दिवसांपूर्वी शांताबाई गेल्या. साथीमुळे इथून देशाबाहेर जायला लागणारी परवानगी वेळेत आली नाही. पुण्यानुमोदन तिने गिरावीनच्या घरी स्वयंपाकघरात उभं राहून फोनवर पाहिलं.

आज सकाळीच तिने भावाला, अतुलला, आईच्या फायली बघायला लावल्या होत्या. आता होल्डवरच्या फोनशेजारी, लॅपटॉपवर तो बोलत होता.

"सापडलं, ताई. डिस्चार्ज कार्ड. नऊ जुलै, सकाळी सहा वीस. फोटो पाठवू?"

"थांब जरा."

"आईपण कमालच. अर्ध्या शाळेला चौदा एप्रिल वाटली. तो इन्स्पेक्टर म्हणाला होता ना, बाई, या वस्तीत बाकीच्या दिवशी कुणी जन्मतच नाही का?"

प्रतीक्षा हसली.

"कार्ड दाखवलं तर तुला तीन महिने मिळतील ना?"

"मिळतील कदाचित. मग विचारतील, पासपोर्टवर ही तारीख आली कुठून."

"आईचं नाव सांग. तिला आता कोण काय करणार?"

तिने होल्डवरचा फोन उचलून कानाला लावला. अतुललाच राहवेना. "सॉरी, ताई. तसं नव्हतं म्हणायचं."

सुरावट थांबली, तशी तिने अतुलचा कॉल बंद केला. पलीकडून एका बाईचा दमलेला, पण सौम्य आवाज आला. ग्राहक क्रमांक, पत्ता, आणि मग, "मुलीची जन्मतारीख?"

खोलीच्या दाराशी यशोधरा पायजम्यातच उभी होती. शाळेला सुट्टी होती. "आई, आर यू डन?"

प्रतीक्षाने हाताने तिला थांबायला सांगितलं. तारीख चुकीची आहे, एवढंच म्हणायचं होतं. मग सगळे कागद मागतील. एक नागपूरचा लिपिक, एक मुख्याध्यापिका, एक खोटं, असं कुठल्या तरी रकान्यात इंग्रजीत लिहिलं जाईल. आईबद्दल या देशात तेवढंच लिहिलेलं राहील.

"चौदा एप्रिल, दोन हजार तेरा," ती म्हणाली.

"म्हणजे परवाच. मग जॉबसीकरचा, काम शोधणाऱ्यांच्या भत्त्याचा, अर्ज आजच भरा. ती रक्कम कमी असते, माहीत आहे ना? काम किती तास करता?"

ब्लॅकटाउनच्या वृद्धाश्रमातल्या स्वयंपाकघरात ती कामाला होती. साथ आल्यापासून शिफ्ट घटल्या होत्या. "पंधरवड्याला चोवीस."

"तीस लागतात. नाहीतर उरलेल्या तासांसाठी काम शोधताय, असं दाखवत राहावं लागेल."

"जुलैपर्यंत शिफ्ट वाढवून देणार होते," प्रतीक्षा म्हणाली, आणि आपण हे कुणाला सांगतोय असं वाटून थांबली.

"जुलैपर्यंत नाही थांबता येणार. आणि हो, बुधवारसाठी मुलीला शुभेच्छा."

तिने फोन ठेवला.

"हूज बर्थडे?" यशोधरेने विचारलं.

"तुझा. आजीने दिलेला."

"सो आय गेट टू बर्थडेज?"

"केक एकच."

यशोधरा कुरकुरत टीव्हीकडे गेली. प्रतीक्षाने सुपरवायझरला मेसेज केला: रविवारची सकाळची शिफ्ट कुणाला नको असेल तर मी येईन. दर रविवारी. मग यशोधरेला रविवारी सांभाळशील का, असं शेजारच्या नीलाला विचारायला तिने दुसरा मेसेज उघडला. पण लिहिण्याआधी पुन्हा पहिल्यावर गेली. सुपरवायझरने तो अजून वाचला नव्हता.