थापेआधीचा हुंकार

दोन दिवसांत मी मंदाबाईंकडून खंजेरीच्या बहात्तर थापा वाजवून घेतल्या. मधोमध, कडेला आणि नुसत्या बोटांनी अशा तीन जागा, प्रत्येक जागी हळू, मध्यम आणि जोरात, आणि त्या प्रत्येकाच्या आठ आवृत्त्या. कारण एकच थाप पुन्हा पुन्हा वाजली की ती यंत्राची आहे हे कानाला लगेच कळतं.

मी वर्ध्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. माझी काकू प्रमिलाबाई समुद्रपूरजवळच्या गावात बायकांच्या खंजेरी भजन मंडळात मुख्य गाणारी, आणि मंदाबाई त्याच मंडळात खंजेरी वाजवणाऱ्या. मंडळाचे कार्यक्रम ठरवणारे गजेंद्रभाऊ लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतात. त्यांनी नवा, मोठा कीबोर्ड घेतला होता. बाहेरचा आवाज रेकॉर्ड करून पट्ट्यांवर बसवायची सोय त्यात होती, पण माहितीपुस्तक त्यांनी चार पानांपुढे उलटलं नव्हतं. जानेवारीत काकू त्यांना माझ्याकडे घेऊन आली.

"सरावापुरतंच पायजे, मॅडम," ते म्हणाले. "मंदामावशी दोन महिने नागपूरले लेकीच्या बाळंतपणाले चालल्या. तोवर बायांचा ताल सुटाले नको."

कारण पटण्यासारखं होतं. वर्ध्याला लागूनच्या बोरगाव मेघेतल्या आमच्या घरात मागच्या खोलीच्या खिडक्यांना मी रजया लावल्या आणि स्वयंपाकघरातला फ्रिज बंद केला. कातडं सैल पडलं की मंदाबाई खंजेरी घेऊन अंगणात उन्हात जायच्या, ती तापवून आणायच्या.

"एवढ्या थापांत तं अख्खा सप्ता निंगला असता वो," त्या म्हणाल्या. "पोटात गुरगुरलं तं तेबी येईन काय याच्यात?"

"येईल."

"मंग पयले जेवू घाल."

पोटातलं काही आलं नाही, पण दुसरं आलं. प्रत्येक थापेच्या आधी, सेकंदाच्या पाचव्या भागाइतकं, मंदाबाईंचं बारीकसं 'हं'. तोंड मिटलेलं, नाकातून निघालेलं. पट्टी दाबल्यावर आवाज त्याच क्षणी यायला हवा, म्हणून मी बहात्तरही ठिकाणी ते कापलं आणि थापेपासून सुरुवात केली. हळू दाबलं तर हळू थाप, जोरात दाबलं तर जोराची. काम स्वच्छ झालं याचं मला समाधान वाटलं होतं.

मार्चअखेरीस वर्ध्याला भजन स्पर्धा होती. तिच्या दोन दिवस आधी काकूचा फोन आला. "खंजेरीचा आवाज लई मोठा येऊन राह्यला, बायांचा ताल अजूनबी जुळत नाई. येजो एक डाव." मी सकाळच्या एसटीने गेले.

देवळाच्या सभामंडपात नऊ बायका एकसारख्या हिरव्या पातळांत उभ्या होत्या. कीबोर्डमागे गजेंद्रभाऊ. मंदाबाई भिंतीला टेकून बसलेल्या, मांडीवर पिशवी, पिशवीत खंजेरी. त्या आठ दिवसांपूर्वीच नागपूरहून परतल्या होत्या.

"तुम्ही खाली का?" मी विचारलं.

उत्तर गजेंद्रभाऊंनी दिलं. "टीमले दहाच मानसं चालतात, मॅडम. मी धरून दहा झाले. यादी देऊन झाली, आता काही बदलत नाई. आन आवाज तं मावशीचाच हाय ना? उलट सन्मानच झाला त्यायचा."

मला राग आला होता, पण आवाज कमी करायला मी कीबोर्डजवळ गेले. सरावापुरतं म्हणून घेतलेल्या माझ्या मोजमापांनी, माझ्या रजयांनी या बाईला भिंतीशी बसवलं होतं.

भजन सुरू झालं. पहिली ओळ काकूने म्हटली, गजेंद्रभाऊंनी थाप वाजवली आणि बाकीच्या बायका एकेक करून, मागेपुढे शिरल्या. पुन्हा केलं. पुन्हा तसंच.

"कान कुठं ठेवून राह्यल्या तुमी?" गजेंद्रभाऊ ओरडले. "वीस वर्साचं भजन हाय हे!"

"थापेची वाटच पाहून राह्यलो ना बाप्पा," रक्षा नावाची एक तरुण सून म्हणाली. "ते येते अन् आमी राहूनच जातो."

तेव्हा मला कळलं. बायका थापेवर कधी ओळ उचलतच नव्हत्या. त्या उचलत होत्या त्या 'हं'वर. वीस वर्षं त्यांनी त्या पाचव्या भागात श्वास घेतला होता, आणि मी तो कचरा समजून कापला होता. मी ते सगळ्यांसमोर सांगितलं.

मग काकू म्हणाली, "मंदा, तू तेवढं 'हं' खालून म्हन ना."

"हात उचलला का ते निंगते," मंदाबाई म्हणाल्या. "मी म्हनत नाई ते. हाताले जागा नाई, मंग तोंडाले काऊन पायजे?"

गजेंद्रभाऊ माझ्याकडे वळले. "मॅडम, न कापलेलं असन ना तुमच्यापाशी? तेच एखाद्या बटनावर टाकून द्या."

माझ्याकडे ते होतं. पिशवीतल्या लॅपटॉपमध्ये, तारखेसकट.

"आहे," मी म्हटलं. "देणार नाही."

"काऊन पन?"

"तुम्ही सरावापुरतं म्हणाला होता. स्पर्धेचा अर्ज दाखवा."

"त्यात काय पाहता आता?"

"दाखवा."

त्यांनी मोबाइलमधला अर्जाचा फोटो उघडून दिला. मी शेवटपर्यंत वाचला. सातवा नियम: स्पर्धेच्या सकाळी नऊ वाजेपर्यंत कलाकारांच्या नावात बदल करता येईल. मी तो मोठ्याने वाचला, दोनदा.

"मंग माहं नाव खोडू काय?" गजेंद्रभाऊ हसून म्हणाले. कोणी हसलं नाही.

"खोडा," काकू म्हणाली. "हिच्याशिवाय आमी उभ्या राहत नाई. तुमी एकटेच वाजवजा मंग बटनं."

रक्षा खाली बसली. मग तिच्या शेजारची, मग सगळ्याच. गजेंद्रभाऊंनी कीबोर्डची वायर काढून गुंडाळायला घेतली. गुंडाळताना ती दोनदा हातातून सुटली.

मंदाबाईंनी पिशवीतून खंजेरी काढली, कातड्यावरून अंगठा फिरवला आणि अंगणात गेल्या. मी मागे गेले. मला वाटलं होतं, त्या काहीतरी बरं बोलतील.

"त्यानं मले इचारलं नाई, ते त्याचं झालं," त्या म्हणाल्या. "कापतानी तू इचारलं होतं का?"

"नाही."

"हं."

त्यांनी खंजेरी माझ्या हातात दिली. "धर उन्हात. अशी तिरपी. तापली का मी सांगतो, तुह्या घड्याळात पाहू नको."