आतलं टोक

भोक नक्की कुठे होतं ते आता विद्युलतालासुद्धा चटकन सापडत नव्हतं, आणि याचा तिला मनातल्या मनात फार गर्व झाला होता.

तीन आठवड्यांपूर्वी खालच्या मजल्यावरची सुंदरी, तंजावरकडच्या मराठी घरातली, ते नऊवारी लुगडं एका जुन्या पंच्यात गुंडाळून घेऊन आली. आधी दाराला कडी लावली आणि मगच ते उलगडलं. डाळिंबी रेशीम, मोहरीच्या रंगाचे रुंद काठ, आणि पदराजवळ, नेमकं छातीवर येईल अशा जागी, जुन्या आठ आण्यांच्या नाण्याएवढं भोक. माळ्यावरच्या ट्रंकेत उंदीर शिरला होता. लुगडं सुंदरीच्या सासूबाईंचं. त्या गेल्या वर्षी गेल्या. सुंदरीची मुलगी सुष्मिता त्यांच्याच कुशीत वाढलेली. लग्नात तुझंच लुगडं नेसणार असं तिनं आजीला शेवटच्या आजारपणात कबूल केलं होतं. अडचण एकच होती, आणि ती तंजावरला राहत होती: सासऱ्यांची बहीण, रत्नप्रभा आत्या. वय एक्क्याऐंशी. घरातल्या प्रत्येक नवरीला लुगडं नेसवायची तीच, आणि तिचा नियम असा की फाटलेलं वस्त्र नवरीच्या अंगाला लावायचं नाही, मग ते कुणाचं का असेना. लुगडं धड आहे ना, म्हणून तिनं फोनवर विचारलं होतं. सुंदरी हो म्हणून बसली होती.

"आता ते धड करायचं तुझ्या हातात आहे, अक्का," ती विद्युलताला म्हणाली होती.

विद्युलता कुठल्या क्लासला गेलेली नव्हती. नवऱ्याच्या, म्हणजे शरदचंद्राच्या, बँकेतल्या बदलीमुळे साताऱ्याहून चेन्नईत, वेस्ट मांबलमला आली तेव्हा तमिळ येत नव्हतं आणि दिवस संपत नव्हते, म्हणून तिनं सुई हातात घेतली. जुन्या मासिकांतली चित्रं बघून, पुढे मोबाइलवर बघून, बरंचसं उसवून उसवून शिकली. सव्वीस वर्षांनंतर तिच्या घरात एकही वस्तू बोडकी राहिली नव्हती. गॅसच्या सिलिंडरला क्रोशाचा झगा होता. टीव्हीच्या रिमोटला टोपी होती. शरदचंद्र म्हणायचा, मी फार वेळ एका जागी बसत नाही, न जाणो. पण फाटलेलं जोडायला तिच्यासारखी बाई त्या गल्लीत दुसरी नव्हती, हे तोही मानायचा.

रफू करायचं तर त्याच कापडाचा धागा लागतो. बाजारातलं रेशीम कितीही जुळवलं तरी उन्हात चुगली करतं. म्हणून विद्युलतानं लुगड्याचं आतलं टोक धरलं, पदराच्या विरुद्ध बाजूचं. अगदी कडेचे धागे वर्षानुवर्षं गाठीत आवळून कुजले होते, ओढले की तुटायचे. मग तिनं वीतभर आत जाऊन, दोन काठांच्या मधल्या पन्ह्यातले आडवे धागे एकेक करून ओढून काढले. तुटत होते, पुरत नव्हते, आणखी काढावे लागत होते. शेवटी तिथे दोन बोटं रुंदीची शिडी झाली. आडवं काही नाही, नुसते उभे धागे, मोकळे. त्याचं तिला काहीच वाटलं नाही. तिच्या आजीला नऊवारी नेसताना तिनं शंभरदा पाहिलं होतं. आतलं टोक कमरेला गुंडाळायचं, गाठ मारायची, त्यावर सगळं लुगडं येतं. ते टोक धुणाऱ्यालाच तेवढं दिसतं.

रफू बघून सुंदरी रडायचीच बाकी होती. अस्सल तोच रंग, दोरा कुठनं आणलीस म्हणून तिनं दोनदा विचारलं. विद्युलतानं गूढ हसून विषय बदलला. कलाकाराचं एखादं गुपित असावं, असं तिला वाटलं. लुगडं इस्त्रीसाठी तिनं स्वतःकडेच ठेवून घेतलं.

आणि मग लग्नाच्या आदल्या दिवशीची सकाळ आली. आत्या दुपारी चारच्या सुमारास पोचणार होती, आल्या आल्या लुगडं नेसवून बघणार होती. तिच्यासमोर फजिती नको म्हणून सुंदरी सकाळीच एक सुती नऊवारी घेऊन सुष्मिताला नेसण्याची तालीम देत होती. विद्युलता कॉफीचा पेला हातात घेऊन गंमत बघायला दाराशी उभी होती. सुष्मिता आयटी कंपनीतली, तिला लुगड्यापेक्षा त्यात चालायची काळजी जास्त. सुंदरीनं तिला सरळ उभं केलं, लुगडं कमरेशी धरलं, आणि आतलं टोक हातात घेऊन ते दोन पायांमधून मागे नेलं. मागे नेलं, चांगलं पसरवून ताणलं, आणि कमरेला खोचलं. आतला सगळा पन्हा, काठापासून काठापर्यंत, सुष्मिताच्या पाठीमागे मोरपिसाऱ्यासारखा उघडा उभा राहिला.

विद्युलतानं कॉफीचा पेला खाली ठेवला.

तिनं विचारलं, हे टोक असं मागे येतं? सुंदरीनं न वळताच उत्तर दिलं की आमच्यात असंच, आत्या तर आधी मागची बाजू बघते, पदर नंतर. "तुमच्याकडं कसं?" या प्रश्नाला विद्युलतानं गॅसवर दूध आहे असं सांगितलं आणि जिना चढून वर आली. गॅसवर काही नव्हतं.

लुगडं तिनं पलंगावर उलगडलं. शिडी तिथेच होती. आपल्या आजीची नेसण धरून तिनं सुंदरीच्या सासूबाईंचं लुगडं उसवलं होतं, असा त्याचा हिशेब झाला. साताऱ्याची नऊवारी आणि तंजावरची नऊवारी एकाच लांबीची असते, म्हणून ती एकसारखी नेसत असतील, हे तिनं कुणाला न विचारता ठरवून टाकलं होतं. आणि विचारायची संधी तर सुंदरीनं दोनदा दिली होती. दोरा कुठनं आणलीस? त्या वेळी खरं सांगितलं असतं तर सुंदरीनं तिथल्या तिथे कपाळावर हात मारला असता, आणि काहीतरी करायला बरेच दिवस हाताशी होते.

आता अकरा वाजले होते.

काढलेले धागे परत जात नाहीत. ते पदराजवळ विणले गेले होते, आणि तिथनं काढले तर भोक. वरून ठिगळ लावलं तर आत्याच्या बोटाला ते दारातूनच लागलं असतं. एकच गोष्ट होती, आणि ती विद्युलतानं आयुष्यात एकदाच केली होती, टेबलक्लॉथवर, तीही जाड सुती: मोकळ्या उभ्या धाग्यांचे चारचार-पाचपाचचे जुडगे करायचे, प्रत्येक जुडग्याला वरून एक टाका, खालून एक टाका, आवळून. शिडीची जाळी होते. मग ते फाटलेलं वाटत नाही, मुद्दाम केलेलं वाटतं. टेबलक्लॉथचं शेवटचं टोक वाकडं झालं होतं आणि त्यावर ती कायम फुलदाणी ठेवायची.

ती बाल्कनीच्या दाराशी उजेडात बसली. खालून स्टेशनावरची घोषणा ऐकू येत होती, भाजीवाला आपल्या लयीत ओरडत होता. तिनं शरदचंद्राला गिंडीच्या ऑफिसात फोन लावला, स्पीकरवर, हात मोकळे राहावेत म्हणून. सगळं ऐकून तो म्हणाला, सुंदरीला आत्ता जाऊन सांग. ती म्हणाली, सांगेन, आधी होऊ दे. तो म्हणाला, झाल्यावर तू सांगणार नाहीस, मी तुला ओळखतो. तिनं फोन ठेवला, कारण तो बरोबर बोलत होता.

बारापर्यंत वरची ओळ निम्मी झाली. रेशीम सुतासारखं ऐकत नाही, जुडगा आवळला की निसटतो. घाम टिपायला हात सोडला की आवळलेलं सैल व्हायचं, म्हणून ती थांबत नव्हती. एकला वरची ओळ पुरी झाली. खालची ओळ राहिली होती, आणि चार वाजेपर्यंत तीन तास होते. होईल, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

दीड वाजता सुंदरीचा फोन आला. ती कुजबुजत होती. तिचा पुतण्या विश्वेश आत्याला गाडीत घेऊन तंजावरहून पहाटेच निघाला होता, आत्ताच पोचला. आत्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही, लुगडं कुठाय म्हणाली. वरच्या अक्कांकडे इस्त्रीला दिलंय असं सुंदरीच्या तोंडून गेलं. "ती जिना चढते आहे, अक्का. मी मागनं येते."

विद्युलताला लुगडं घडी घालून ठेवता आलं असतं. तिनं घडी घालायला घेतलंही. पण सुई धाग्याला लटकत होती, खालची ओळ बरीचशी उघडी होती, आणि दारावर काठीचा आवाज झाला.

रत्नप्रभा आत्या लहानखुरी, काळी कुळकुळीत, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. ती नमस्कार घेत थांबली नाही. पलंगावरचं लुगडं तिनं उचललं आणि, सुंदरी म्हणाली होती तसं, पदराकडे न बघता आतलं टोक शोधलं. बोट जाळीवर आलं आणि थांबलं. मागे दारात सुंदरी उभी होती. तिनं ती जाळी त्या क्षणी पहिल्यांदा पाहिली, आणि विद्युलताला तिच्या चेहऱ्याकडे बघवलं नाही.

"हे लुगड्यात नव्हतं," आत्या म्हणाली. "माझ्या भावजयीला हे मी नेसवले आहे. कोण केलं हे?"

"मी," विद्युलता म्हणाली.

"काय म्हणून?"

खोटं तयार होतं. शोभेसाठी, नवीन फॅशन, सुष्मितालाच हवं होतं. सुंदरी ते उचलून धरायला तयार होती, तिचे ओठ हललेसुद्धा. पण ते उद्यापर्यंत टिकलं असतं आणि मग सुंदरीच्या गळ्यात पडलं असतं. फोनवरच्या त्या एका 'हो'च्या वर आणखी एक.

"इथले धागे मला दुसरीकडे लागले, आत्या. आमच्याकडे हे टोक गाठीत जातं. तुमच्याकडे मागे येतं हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलं नाही. सुंदरीलाही मी सांगितलं नव्हतं, तिला आत्ताच कळतंय."

दुसरीकडे म्हणजे कुठे, हा पुढचा प्रश्न होता, आणि तिघींनाही तो दिसत होता. आत्या लुगड्यावरनं हात फिरवत हळूहळू पदराकडे निघाली. वावभर, आणखी वावभर. छातीच्या जागेपासून हातभर अलीकडे तिनं हात उचलून घेतला.

"कुठं लागले ते मज सांगू नको," ती म्हणाली. "सांगितलीस तर मज दिसंल. दिसलं तर मग नेसवता येणार नाही."

मग तिनं आतलं टोक पुन्हा हातात घेतलं. एक काठ एका मुठीला गुंडाळला, काठी बगलेत धरली, आणि सुंदरीला जाळीच्या पलीकडे धर म्हणून सांगितलं. मागे खोचताना जोर लागतो, नवरी बसते, उठते, पाटावर चार तास असते. "हे सोसंल की नाही, ते बघू. ओढ."

सुंदरीनं विद्युलताकडे बघितलं नाही. तिनं ओढलं. आत्यानं ओढलं. एक्क्याऐंशी वर्षांच्या त्या मनगटांत इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं. जाळीची जिथे दोन्ही ओळी टाकलेली बाजू होती, तिथे जुडगे ताणले, बारीक कुरकुरले आणि उभे राहिले. मग आत्या सरकत पुढे आली, जिथे खालची ओळ अजून घातलेली नव्हती. पुन्हा ओढलं. टक्, टक्, टक्. तीन धागे गेले.

विद्युलताचा हात आपोआप तिथे गेला, जखमेवर जावा तसा.

"तिथे अजून टाकलेलं नाही," ती म्हणाली.

"तेच बघितलं मी," आत्या म्हणाली. "टाकलेलं राहतं. न टाकलेलं जातं. सरी, ठीक. मग टाक. मी बसते."

ती खरंच बसली, क्रोशाची खोळ घातलेल्या खुर्चीत, आणि खोळीकडे खाली वाकून बघत म्हणाली की या घरात खुर्चीलाही थंडी वाजते की काय. मग विश्वेशला खालून कॉफी आणायला सांग म्हणाली. आणि नेसवून बघायची वेळ चारचीच, असंही.

विद्युलता सुई धरून बाल्कनीच्या दाराशी बसली. तुटलेले तीन धागे शेजारच्या जुडग्यात घेतले तर तो जाड होणार होता, पाठीमागे एक गाठ दिसणार होती, आणि ती तशीच राहणार होती. डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून सुईचं नेढं दिसेना. दोऱ्याचं टोक तीनदा चुकलं.

सुंदरी जवळ येऊन बसली. तिनं तिच्या हातातून सुई घेतली, दोरा तोंडात ओला करून एका झटक्यात ओवला, आणि पुढची सुईही ओवून ठेवली, मग आणखी एक. चौथी सुई पुढे करताना सुंदरी खालच्या आवाजात म्हणाली:

"दोनदा विचारले होते मी, अक्का."

"हो."

"तिसऱ्यांदा नाही विचारणार. आता तूच सांगायचं. सगळं."

विद्युलतानं मान हलवली. तिनं सुई घेतली, पाच धागे मोजून बाजूला केले आणि आवळले.