स्क्रीनवर काहीतरी हललं पाहिजे

केडगावहून कुरकुंभला एका औषधांच्या कंपनीत मी कंत्राटी कामाला जायचे. "एवढं काम नीट झालं की रोझी पर्मनंट," असं साहेबांनी चारचौघांत सांगितलं होतं आणि मी ते खरं मानलं होतं.

काम म्हणजे जुन्या बॅचच्या सगळ्या नोंदी नव्या सिस्टिममध्ये न्यायच्या. मी प्रोग्रॅम लिहिला. तो दिवसभर चालायचा, पण स्क्रीनवर एक अक्षर उमटायचं नाही. दुसरी शिफ्ट आली. इनचार्ज ज्ञानेशमामांनी स्क्रीन पाहिली आणि सरळ बटण दाबलं. दिवसभराचं काम पाण्यात.

"म्याडम, काटा हलला न्हाई की आमी मशिन बंद करतो. न्हाईतर रिअ‍ॅक्टर उडंल की!"

त्यांना काय बोलणार? औषधाची रसायनं शिजतात त्या रिअ‍ॅक्टरपाशी जन्म काढलेला माणूस. मग मी असं केलं, की नोंद पोचली की तिचा नंबर स्क्रीनवर दिसेल. पण मोठी फाइल आली की नंबर अडून राही. मामांनी परत बंद केलं.

साहेब वैतागले. "सारखं काहीतरी हललं पाहिजे. घड्याळाप्रमाणे टक्के वाढव."

"सर, मग आत काम बंद पडलं तरी टक्के वाढतच राहतील."

"तू फार शहाणी आहेस."

ते त्यांनी साईकडून करून घेतलं. साईही माझ्यासारखाच कंत्राटी, पण 'हो सर' म्हणणारा. त्यानं माझे नंबर काढून घड्याळावर चालणारी टक्क्यांची हिरवी पट्टी टाकली. पट्टी सरकत सरकत शंभर टक्क्यांवर गेली. टाळ्या झाल्या, पेढे आले, साई पर्मनंट झाला.

ऑडिटला निम्म्या नोंदी सापडेनात. एका खराब फाइलवर प्रोग्रॅम मधेच बंद पडला होता. पट्टी आपली चाललेली. साहेब ऑडिटरला म्हणाले, "प्रोग्रॅम रोझीचा. साईनं फक्त स्क्रीन केली."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! साई शेजारीच बसला होता. मेल्यानं खाली बघून फाइल चाळायला घेतली.

माझं कंत्राट तिथंच संपवलं. पिशवी उचलून निघाले तर साहेबांनी हाक मारली. मला वेडीला वाटलं, लाज वाटली असेल.

"रोझी, जायच्या आधी राहिलेल्या नोंदी कशा न्यायच्या, तेवढं साईला शिकवून जा."